कर्ता कोण?

चि. पोरी,

तुझा ईमेल दोनदा वाचला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ला हवामान बदलाविषयी देशांच्या जबाबदाऱ्यांवर मत दिलं आणि तुला प्रबंधाचा विषयच बदलावासा वाटायला लागला. पॅसिफिकमधल्या बेटांचं उत्सर्जन जगाच्या ०.०३ टक्क्याच्या आसपास, मग त्यांच्या ऊर्जा-कायद्यांवर वर्ष कशाला घालवायचं, असं तुझे गाईडही म्हणाले. गाईडना माझा नमस्कार सांग. पण त्यांचं ऐकू नकोस.

तिथे ऊर्जा-कायदा हा मुळात उत्सर्जनाचा हिशेब नसतोच. डिझेलचं जहाज उशिरा आलं की दवाखान्यातला लसींचा फ्रीज बंद पडतो, त्याचा तो कायदा असतो.

आता लाल पेन घे. तू जमवलेल्या धोरणांमध्ये जिथे जिथे आपल्या शासन निर्णयांसारखं ‘कार्यवाही करण्यात येईल’ छापाचं वाक्य दिसेल, तिथे समासात लिही : कर्ता कोण? शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग घोकून घेतले, ते याच दिवसासाठी होते असं समज. पॅसिफिकमधल्याच टोंगा या देशाने २०१०मध्ये ठरवलं की २०२०पर्यंत निम्मी वीज अक्षय स्रोतांतून येईल. आली नाही. आता ७० टक्के, २०३०पर्यंत. मी टोंगाला हसत नाहीये. त्यांच्याइतक्या नेटाने आराखडा फार थोड्यांनी केला. पण टक्का आणि तारीख लिहिणं सोपं असतं. कर्ता कोण, ते लिहिताना भांडणं होतात.

फिजीचा २०२१चा हवामान बदल कायदा तू वाचलायस, म्हणजे २०५०चं नेट झीरो, निव्वळ शून्य उत्सर्जन, वाचलंयस. सगळे तेवढंच वाचतात. तू गावांच्या स्थलांतराचा भाग काढ. वानुआ लेवू बेटावरचं वुनिदोगोलोआ हे गाव समुद्राने गिळत आणलं, म्हणून २०१४मध्ये ते आत, उंचावर हलवलं. नवी घरं बांधली, आणि त्या घरांना स्वयंपाकघरच नव्हतं! गावातल्या बायकांना विचारायचं काम कोणाच्या नावावर होतं? पुढे २०१८मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली, मग कायद्याने स्थलांतरासाठी कृतिदल नेमलं. त्या कलमांमध्ये चूल कोण मांडणार ते सापडतंय का बघ. तुझं तिसरं प्रकरण तेच आहे.

हे मी एवढं तावातावाने का सांगते, तेही ऐक. फिजीच्या राजधानीत, सुव्याला असताना एका संस्थेसाठी मी एका प्रवाळबेटाच्या वीजपुरवठ्याची नियमावली लिहिली. संस्थेचं नाव नको, बेटाचंही नको. त्यात एक वाक्य होतं, माझ्या हातचं : ‘बॅटऱ्यांची देखभाल व बदल वेळोवेळी करण्यात येईल.’ सहा वर्षांनी तिथे गेले. जोडण्यांवर हिरवी बुरशीसारखी कीट, पॅनलांच्या सावलीत डुकरं झोपलेली, आणि एक बाई आपल्या छोट्या जनरेटरवर शेजाऱ्यांचे मोबाइल चार्ज करून देत होती. घरटी वर्गणी जमली होती, डब्यात पडून होती. ती वीज मंडळाची की ग्रामपरिषदेची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी मालवणची गं. खाऱ्या वाऱ्याने कडीकोयंड्यांचं काय होतं हे मला कोणी शिकवायला हवं होतं का?

तू म्हणशील, मावशी, ते तुझ्या कामाच्या कक्षेत नव्हतं. नव्हतंच. सहा आठवड्यांची मुदत, त्यात पैसे देणाऱ्यांना उद्घाटनाची तारीख हवी होती. आणि मी विचारलं होतं, भर बैठकीत, स्पष्ट. इतिवृत्तात ते आलं नाही, एवढंच. मी सही केली नसती तर दुसऱ्या कोणी केली असती. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते पाठ झालंय, पटलेलं मात्र नाही.

हेगचं मत मला कमी लेखायचं नाही. ते सुरू कुठे झालं बघ. २०१९, वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला, कायद्याचा वर्ग, २७ विद्यार्थी. ‘जगाने जागं व्हावं’ असं लिहून ते थांबले नाहीत. पॅसिफिकच्या सरकारांना त्यांनी गाठलं, वानुआतूने विषय उचलला, २९ मार्च २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला. प्रत्येक पायरीवर कर्ता होता. म्हणून ते हेगपर्यंत पोचलं. तुझी मैत्रीण ‘जागे व्हा’ छापाचं जे पोस्टर शेअर करते त्यात कर्ता नाहीये, तिला राग येईल तर येऊ दे.

एका ठिकाणी माझं लाल पेन अडतं, ते कबूल करते. तुवालूने २०२३मध्ये राज्यघटनेत लिहिलं की समुद्राने जमीन गेली तरी आमचं राष्ट्र कायम राहील. कर्ता कोण, कोणत्या खात्यातून, असं मी समासात लिहायला घेतलं आणि खोडलं. तुला काय वाटतं ते कळव. मला खरंच माहीत करून घ्यायचंय.

तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा शुक्रवारपर्यंत पाठव. कच्चा असला तरी चालेल. प्रस्तावना पाठवलीस तर वाचणार नाही. आईला सांग, आगळ पोचलं, बाटली थोडी सांडली होती.

तुझी,
मावशी