जाणीव नसताना एखादी गोष्ट ‘दिसू’ शकते का? आणि त्याला ज्ञान म्हणायचं का?

दिसू शकते, असं मानायला बऱ्यापैकी आधार आहे. मेंदूच्या मागच्या बाजूच्या दृष्टिकेंद्राला इजा झाली की डोळे शाबूत असूनही समोरचा काही भाग दिसेनासा होतो. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइस्क्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाला त्या भागात प्रकाशाचा ठिपका दाखवला. तो म्हणे, काही दिसत नाही. ‘बरं, अंदाजाने बोट दाखवा’ म्हटलं, तर बोट बरंचसं योग्य जागी! रेघ उभी की आडवी, हेही तो बहुतेक वेळा अचूक सांगे. १९७४ मध्ये याला ‘ब्लाइंडसाइट’ नाव मिळालं.

ज्ञानाचं म्हणाल, तर तत्त्वज्ञांत इथेच फाटे फुटतात. आल्विन गोल्डमनसारखे लोक विचारतात, विश्वास ज्या प्रक्रियेतून आला ती भरवशाची आहे का? त्या कसोटीवर रुग्णाचं बोट पास व्हायला हरकत नाही. पण त्याचा स्वतःचाच त्या उत्तरावर विश्वास नसतो; तो चक्क ठोकून देतो. म्हणून मी त्याला ज्ञान म्हणणार नाही. ‘तुमचे अंदाज बरोबर येतात’ हे कळल्यावर त्याला विश्वास ठेवायला कारण मिळेल, पण ते अनुमान झालं, प्रत्यक्ष पाहून झालेलं ज्ञान नव्हे. (अशा रुग्णांत अंधुकशी जाणीव उरलेलीच असते, असंही काही संशोधक म्हणतात. तो वाद अजून मिटलेला नाही.)