रक्तातलं सिरोटोनिन तपासावं का?

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलीला ऑटिझम आहे. रक्तातलं सिरोटोनिन तपासून काही कळेल का? मुलींमध्ये ते वेगळं असतं, हे खरं का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : निदानासाठी या तपासणीवर पैसे घालवू नका. काही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या रक्तात सिरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, वाढलेलं असतं, हे 1961 पासून माहीत आहे. पण साधारण चारांतल्या एकाच्याच. त्यातून रक्तातलं जवळजवळ सगळं सिरोटोनिन असतं प्लेटलेट्समध्ये. ते तयार होतं आतड्यात आणि मेंदूत शिरत नाही. नमुना हाताळताना प्लेटलेट्स फुटल्या, की प्लाझ्मातला (रक्तपेशी सोडून उरणाऱ्या द्रवातला) आकडा उगाच फुगतो. (कुणी केळी बंद करायचा सल्ला दिला असेल, तर तोही सोडून द्या, त्यातलं सिरोटोनिनही मेंदूपर्यंत पोचत नाही.)

आता मुलींबद्दल. स्त्री-पुरुषांत फरक आहे, पण तो मोठ्यांच्या मेंदूत मोजलेला. 1997 च्या पेट स्कॅन (PET, मेंदूचं काम दाखवणारी तपासणी) अभ्यासात निरोगी पुरुषांच्या मेंदूत सिरोटोनिन बनण्याचा सरासरी वेग स्त्रियांपेक्षा 52 टक्के जास्त निघाला. ऑटिझमच्या अभ्यासांत मुली मोजक्याच, त्यामुळे मुलग्यांचे निष्कर्ष तुमच्या मुलीला सरसकट लावू नका.

सिरोटोनिन वाढवणारी गोळी कुणी सुचवली, तर ‘नेमकी कशासाठी?’ असं विचारा. 2009 च्या 149 मुलांवरच्या चाचणीत सिटालोप्राम या अशाच एका गोळीने तेच ते करत राहण्याची सवय खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा जास्त कमी झाली नाही. चुळबुळ आणि झोपेच्या तक्रारी मात्र वाढल्या.