पाडव्याला साडी नको, दुर्बीण हवी!

प्रश्न: ताई, दर पाडव्याला ओवाळणीत साडी येते. मला दुर्बीण हवी आहे हो, अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला जातो तेव्हा पाण्यात लांबवर पक्षी दिसतात पण ओळखूच येत नाहीत. हे म्हणतात, घरात दुर्बिणीचं काय काम? स्वतःच घेतली तर यांना वाईट वाटेल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: अगं, किती छान इच्छा आहे ही! पण नुसतं ‘दुर्बीण हवी’ म्हटलं ना की समोरच्याला काय घ्यायचं तेच समजत नाही, मग माणूस बर्डीच्या बाजारात जातो आणि सवयीने साडीच घेऊन येतो, यात प्रेम कमी आहे असं मला तरी वाटत नाही. म्हणून त्यांना नीट सांग, ८×४२ ची हवी. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, त्यामुळे सकाळच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ येतं. १२पट, २०पटच्या मोहात पडू नका, हातात धरली की सगळं हलतं. चष्मा असेल तर दुकानात चष्मा लावूनच बघ. आणि हो, हात भिंतीला टेकवून धरलीस तर गच्चीवरून गुरूचे चार मोठे चंद्रही दिसतात, ते आधी यांना दाखव!

यंदाही साडीच आली तर सरळ स्वतः घे, रुसवा न धरता. थंडीत बदकं येतात तेव्हा दोघं मिळून गोरेवाडा तलावावर जा, पहिल्यांदा दुर्बीण त्यांच्या हातात दे.