पतंगांचं कूळ का बदललं?

प्रश्न: जुन्या पुस्तकात संत्र्याचा रस शोषणारा पतंग नॉक्टुइडी कुळात दिलाय, नवीन पुस्तकात एरेबिडी. खरं कुठलं?

उत्तर: नवीनच धरा. जुन्यात पतंगाचं नावही ओथ्रिस असेल बघा, आता युडोसिमा म्हणतात. झालं काय, की नॉक्टुइडी म्हणजे आधी सगळा भरणा करायची जागाच होती. मागच्या पंखाच्या शिरा नीट बघितल्या तर काहींत एका मुख्य शिरेला चार फाटे दिसतात आणि काहींत तीनच, कारण चौथा अगदी पुसट असतो, हा फरक माहीत होता पण त्यावरून कुळं पाडायची कशी यावर वाद. मग 2011 च्या सुमारास डीएनए तपासला तेव्हा कळलं की चार फाटेवाले बरेचसे वंशवृक्षाच्या वेगळ्याच फांदीवरचे, तीच एरेबिडी, आणि गंमत म्हणजे टायगर मॉथचं आर्क्टिइडी आणि केसाळ अळ्यांवाल्या टसॉक मॉथचं लायमँट्रिइडी, ही स्वतंत्र समजली जाणारी कुळंही त्याच फांदीत घुसलेली! म्हणून ती आता एरेबिडीतली उपकुळं, थोडक्यात डिमोशनच. हरभऱ्यावरची घाटेअळी मात्र नॉक्टुइडीतच आहे.