स्प्रिंट संपतो, कामं उरतात

प्रश्न : टीममध्ये पाच डेव्हलपर, दोन टेस्टर. दोन आठवड्यांच्या प्रत्येक स्प्रिंटअखेर (स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक टप्पा) निम्म्या स्टोरी (वापरणाऱ्याच्या गरजेनुसार पाडलेली छोटी कामं) अर्धवट राहतात. नवी अ‍ॅजाइल (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत) कोच म्हणून मी आधी एस्टिमेशन (कामाचा अंदाज बांधणं) सुधारायला घेऊ का?

उत्तर : एस्टिमेशनला आत्ता हात लावू नका, आधी बोर्ड बघा, म्हणजे कोणतं काम कुठल्या टप्प्यावर आहे ते रकान्यांत दाखवणारा फलक. ‘चालू’ रकान्यात माणशी दोन-दोन स्टोरी असतील, तर दुखणं तिथंच आहे. सगळे पहिल्याच दिवशी वेगवेगळं काम उघडतात, ते आठव्या दिवशी एकदम टेस्टिंगला येतं आणि सापडलेले बग दुरुस्त करायला वेळच उरत नाही.

डेव्हलपमेंटच्या रकान्यावर ३ स्टोरींची मर्यादा घाला, टेस्टिंगवर २ची. मर्यादा भरली की मोकळ्या डेव्हलपरने नवी स्टोरी उचलायची नाही. टेस्टिंगला मदत करायची किंवा अडलेल्या स्टोरीवर जोडीने बसायचं. इथे मॅनेजर हमखास कुरकुरतात, कारण माणूस रिकामा दिसतो. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर मर्यादा आठवडाभरही टिकत नाही.

तीन दिवसांपेक्षा मोठी स्टोरी फोडा, पण तांत्रिक थरांनुसार, म्हणजे डेटाबेस, एपीआय (प्रोग्रॅमना एकमेकांशी जोडणारा दुवा), स्क्रीन अशी नाही. प्रत्येक तुकड्याने वापरणाऱ्याचं एखादं काम पूर्ण व्हायला हवं. आणि डेली स्क्रममध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) एकेका माणसाला विचारत बसू नका. बोर्ड उजवीकडून, संपत आलेल्या कामापासून वाचा.