मेणबत्त्या आणि घरातले प्राणी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मेणबत्त्यांचे प्रश्न इतके येतायत आणि त्यातले निम्मे एकसारखेच आहेत, म्हणून एकदाच सगळे घेऊन बसलेय. आधीच सांगते, हे वाचून झालं की व्हेटकडे जायची गरज संपली असं समजू नका. मी तुमचा प्राणी बघितलेला नाही.

घरात मांजर आहे. मेणबत्ती उंच शेल्फवर ठेवली तर चालेल ना?

नाही. बसक्या स्वभावाच्या कुत्र्याला उंची पुरते, मांजर स्वतःच्या उंचीच्या पाचपट सहज उडी मारते आणि वर पोचल्यावर शेपूट कुठून फिरतंय याकडे तिचं लक्ष नसतं. मेणबत्ती पेटलेली आहे तोवर खोलीत जागा माणूस हवा, उठून जायचं असेल तर विझवून जा.

काचेच्या बरणीतली मेणबत्ती जास्त सेफ असते का?

थोडी. ज्योत आत राहते हे बरं, पण बरणीत वितळलेलं मेण साचून राहतं आणि लवंडली की ते सगळं एकदम अंगावर येतं. रुंद बुडाची, जड बरणी घ्या, वात साधारण ६ मिलिमीटर ठेवून कापा आणि तळाशी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मेण उरलं की टाकून द्या, काच तापून तडकते.

बोक्याच्या एका बाजूच्या मिशा जळून कुरळ्या झाल्यात. परत येतील का?

येतील, वेळ लागेल. उरलेल्या कापून "सारख्या" करू नका. मिशीपर्यंत ज्योत आली म्हणजे डोळ्यापासूनही फार लांब नव्हती, तेव्हा डोळा मिचकावतोय, मिटून धरतोय किंवा पाणी गळतंय असं असेल तर आजच दाखवा.

"पेट-सेफ", "१०० टक्के नॅचरल", सोया वॅक्सची सुगंधी मेणबत्ती मांजरीला चालते असं विक्रेता म्हणाला. खरं का?

विक्रेता विकायलाच बसलाय. टी ट्री, निलगिरी, लवंग, दालचिनी हे सगळं नॅचरलच आहे, आणि यांची तेलं पोटात गेली तर मांजरीला सोसत नाहीत, कारण असे पदार्थ शरीराबाहेर काढण्यासाठी यकृतात ग्लुकुरोनायडेशन नावाची जी प्रक्रिया लागते ती मांजरीत फार कमकुवत असते. सोया की पॅराफिन हा वादही मला फारसा कामाचा वाटत नाही, वात लांब असली की काजळी दोन्हींची होते. आता दुसरी बाजू. खिडकी उघडी असलेल्या खोलीत तासभर मेणबत्ती लावली म्हणून धडधाकट मांजर विषबाधेनं पडत नाही, उगाच घाबरू नका. खरी भानगड होते ती तेल अंगावर सांडून तिनं चाटलं तर, किंवा तेलाचे बारीक थेंब हवेत उडवणारा डिफ्यूझर असेल तर, कारण ते थेंब केसांवर बसतात आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटतच असते. दमा असलेल्या मांजरीच्या घरात सुगंधी काहीही नको. लाळ गळतेय, झोक जातोय, तोंड उघडून श्वास घेतेय, तर थांबू नका, निघा.

बजरीगरचा पिंजरा हॉलमध्येच आहे. तिथे मेणबत्ती?

नको. पक्ष्यांची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या मिळून हवेतलं सगळं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खेचून घेतात, धूर आणि सुगंधसुद्धा. पिंजरा दुसऱ्या खोलीत, दार बंद.

कुत्र्याच्या पाठीवर गरम मेण सांडलं. केस दाट आहेत, वरून काही दिसलं नाही, खातपीत होता. शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट लावायला सांगितली. आता चौथा दिवस, तिथे ओलसर लागतंय आणि वास येतोय. एखादं क्रीम सुचवाल?

क्रीम सुचवणार नाही. हे वाचताय तिथून उठा आणि त्याला घेऊन जा.

बाकीच्यांनी नीट वाचा, कारण याच गोष्टीवर माझं डोकं फिरतं. "वरून काही दिसलं नाही" हे वाक्य मी सारखं ऐकते. अहो, दिसणार कसं, वर केसांची गादी आहे! मेण केसांत झिरपून कातडीला चिकटतं आणि उष्णता तिथेच धरून ठेवतं. माणसासारखे टरारून फोडही प्राण्यांना सहसा येत नाहीत. कातडी किती खोल भाजलीय ते कळायला दोन-तीन दिवस, कधी जास्तही जातात, आणि मग केस बाजूला केले की अख्खा पुंजका चिमटीत येतो आणि खाली ओली, लालभडक जागा दिसते. तोवर तिथे जंतू पोचलेले असतात. खातोय-पितोय यावरून काहीही ठरत नाही, दुखणं लपवण्यात प्राणी पटाईत.

भाजल्याबरोबर करायचं ते एवढंच: नळाचं साधं गार पाणी त्या जागेवर १० ते २० मिनिटं, बाकीचं अंग टॉवेलमध्ये, विशेषतः पिल्लू किंवा छोटा प्राणी असेल तर, नाहीतर तो गारठतो. बर्फ नाही. घट्ट झालेलं मेण ओढून काढायचं नाही, खालची कातडी सोबत येते, ते आम्ही केस कापून काढू. टूथपेस्ट, तूप, तेल काहीही नाही. तुमच्या कपाटातली मलमंही नाहीत, तो ती चाटणार आणि त्यातल्या काहींत बेंझोकेन किंवा झिंक असतं, ते पोटात गेलं की वेगळंच लचांड. आणि दुखतंय म्हणून माणसाची गोळी तर मुळीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनीवर जातं. ओलं स्वच्छ फडकं टाका आणि त्याच दिवशी दाखवा, "उद्या बघू" करू नका. थोडंसंच भाजलंय की नाही ते आम्ही ठरवू ना.

पिल्लानं न पेटवलेली अर्धी मेणबत्ती खाल्ली.

मेण स्वतः विषारी नसतं, लहान तुकडे शौचावाटे निघून जातात. पण मोठा तुकडा अडकतो, वातीचा दोरा आतड्यात गुंततो, वातीच्या बुडाशी धातूची चकती असते आणि सुगंधी असेल तर तेल आलंच. पिल्लाचं वजन आणि मेणबत्तीचं पाकीट हाताशी ठेवून व्हेटला फोन करा. उलट्या, फुगलेलं पोट, शी बंद असं काही दिसलं तर फोनही नको, थेट जा. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका.

म्हणजे बॅटरीवरच्या एलईडी मेणबत्त्याच बऱ्या?

आगीच्या बाबतीत हो. फक्त बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होणारं बघून घ्या. चपटी बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर अर्ध्या तासाच्या आतही तिथलं अस्तर जाळायला लागते. कुत्र्यानं मेणबत्ती चावून फोडलेली दिसली आणि बॅटरी सापडत नसेल तर शोधाशोध करत बसू नका, मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, एक्स-रे असलेल्या दवाखान्यात निघा आणि फोन वाटेतून करा.