बाबांच्या दोन फाइली

प्रश्न : माझे बाबा 67 वर्षांचे आहेत. खासगी वैमानिकाचा परवाना आहे आणि उडणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. काही वर्षांपासून ते शुगरच्या गोळ्या घेतात, पण वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर मधुमेहापुढे 'नाही' लिहितात. शुगरच्या रिपोर्टची फाइल कपाटात वेगळी असते. आता नातवाला सोबत नेतो म्हणतात. मी तपासणीच्या डॉक्टरांना कळवू का? तो बाबांशी दगा ठरेल का?
— एक मुलगी, प्रतापनगर

उत्तर : ताई, नातवाचं आधी. हे प्रकरण मिटेपर्यंत त्याला विमानात बसू देऊ नका. यात बाबांची भीड धरू नका.

वायुदलात डॉक्टर असताना वैमानिकांच्या तपासण्या करणं हेच माझं काम होतं. लपवणारा माणूस बहुधा लबाड नसतो. एकदा 'अनफिट' लिहिलं गेलं की सगळं संपलं, ही त्याची धास्ती असते. मधुमेहाबाबत ती बरीचशी अनाठायी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत इन्सुलिन घेणारा अपात्र ठरतो. पण पथ्याने, किंवा पथ्यासोबत उड्डाणाला चालणाऱ्या गोळ्यांनी साखर आटोक्यात असेल, तर पात्र ठरवता येतं. म्हणजे गोळी कोणती, हे महत्त्वाचं. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडने उतरू शकते.

खरी गोम इथेच आहे. बाबांनी तपासणीच्या डॉक्टरांपासून गोळी लपवली, आणि मला दाट शंका आहे की शुगरच्या डॉक्टरांपासून विमान लपवलं. त्यांच्यासमोर एक निवृत्त गृहस्थ बसलेले असतात, ते त्या हिशेबाने गोळी लिहितात. हा माणूस विमान चालवतो हे ठाऊक असतं, तर कदाचित दुसरी लिहिली असती.

साखर उतरली की आधी घाम फुटतो, हात थरथरतात, मग चिडचिड आणि गोंधळ. आता नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उन्हात तापलेल्या छोट्या सेसना 152 विमानात बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. एसी नाही, घाम तर प्रत्येकालाच फुटलेला. पहिली खूण तिथेच हरवते. पुढच्या खुणा दिसेपर्यंत त्या ओळखणारं डोकंच ताळ्यावर नसतं. आणि विमान काही रस्त्याच्या कडेला उभं करता येत नाही.

अमेरिकेत 2017 पासून बऱ्याच खासगी वैमानिकांना 'बेसिकमेड'खाली आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडूनही तपासणी करून घेता येते, दर चार वर्षांनी. मला त्यातली एक गोष्ट पटते : गोळी लिहिणारा आणि उड्डाणासाठी तपासणारा डॉक्टर एकच असू शकतो. आपल्याकडे डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) नेमलेल्या डॉक्टरांकडेच जावं लागतं, म्हणून दोन्ही डॉक्टरांची गाठ वैमानिकानेच घालून द्यायची असते.

तर दगा मुळीच नाही, पण पाठीमागून काही करू नका. बाबांसोबत शुगरच्या डॉक्टरांकडे जा आणि 'हे विमान चालवतात' एवढं वाक्य त्यांच्यासमोर बोला. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), डोळ्यांचा पडदा, किडनी, ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट, हे सगळं घेऊन बाबांनी स्वतः तपासणीला जावं. काही काळ अनफिट ठरतील, वाईट वाटेल. तोवर प्रशिक्षकाच्या हाती विमान देऊन शेजारी बसता येईल. ऐकलंच नाही, तर 'आता मी कळवणार' असं त्यांना तोंडावर सांगा आणि मग कळवा.

प्रश्न : वय 61. धंतोलीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता लख्ख दिसतं. मेडिकलची मुदत बाकी आहे. उडू का?
— एक वाचक, खामला

उत्तर : इतक्यात नको. मुदत बाकी असली तरी ते प्रमाणपत्र ऑपरेशनआधीच्या डोळ्यांचं आहे. शस्त्रक्रिया झाली की परवाना बाजूला ठेवायचा आणि तपासणीच्या डॉक्टरांकडून पुन्हा मंजुरी घ्यायची. चष्म्यासह प्रत्येक डोळ्याला किमान 6/12 आणि दोन्ही मिळून 6/9 दिसायला हवं. जवळचं वाचणं वेगळं तपासतात. बसवलेली लेन्स मल्टिफोकल, म्हणजे दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी, आहे का, हे सर्जनकडून लिहून घ्या. तिच्यामुळे काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. वाचायचा चष्मा लागला तर जादा जोडी विमानात हाताशी ठेवा.